आरोप झाल्यावर फॉस्टर पालकांनी काय करावं?

इंग्लंडमध्ये फॉस्टर पालक होऊ पाहणाऱ्यांना मान्यतेआधी जे प्रशिक्षण देतात, त्यात एक सत्र सुरक्षित सांभाळाचं असतं. मुलाला आंघोळ कोण घालणार, खोलीचं दार कधी उघडं ठेवायचं, अंगावर वळ दिसला तर कुणाला कळवायचं, असं बरंच काही त्यात येतं. कधीतरी तुमच्यावर आरोप होऊ शकतो, हेही तिथेच सांगतात. बहुतेक कुटुंबं ते ऐकतात आणि विसरून जातात. आपण मुलाला जीव लावणार, मग आरोप कशाला होईल, असं वाटणं साहजिक आहे. पण या कामात काही वर्षं काढलेल्यांशी बोललात, तर स्वतःवर नाही तरी ओळखीतल्या कुणावर तरी आरोप येऊन गेलेला आढळतो.

लंडन, स्लाव, हॅरो, लेस्टर अशा ठिकाणची जी मराठी कुटुंबं फॉस्टरिंग करतात किंवा करायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. यातले नियम इंग्लंडचे आहेत. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडची व्यवस्था वेगळी आहे. लेखात माहिती बरीच आहे, पण सगळी लक्षात राहिली नाही तरी एक गोष्ट विसरू नका. आरोप झाला की तुमच्या फॉस्टरिंग एजन्सीपासून स्वतंत्र असलेला, तुमच्या बाजूने उभा राहणारा माणूस मिळणं ही एजन्सीची मेहरबानी नाही. शासनाने ठरवलेल्या मानकांत ते लिहिलेलं आहे. तो माणूस पहिल्याच दिवशी मागा. आपण निर्दोष असल्यामुळे आधार मागायची गरजच काय, असा विचार करून अनेक पालक गप्प बसतात, आणि पहिले दोन-तीन आठवडे हातचे जातात. नेमक्या याच आठवड्यांत सगळ्यात महत्त्वाच्या बैठका होऊन गेलेल्या असतात.

मुलाचं म्हणणं ऐकलं जाणारच

मनाला लागणारी असली तरी एक गोष्ट आधी मान्य करावी लागते. काही आरोप खरे असतात. ज्यांच्या हाती सुरक्षिततेसाठी सोपवलं, त्यांच्याच घरात मुलांवर अत्याचार झाल्याची उदाहरणं ब्रिटनमध्ये आहेत, आणि त्या मुलांवर त्या वेळी कुणी विश्वास ठेवला नव्हता. लहानपणी फॉस्टर घरांत अत्याचार सोसलेल्या एका स्त्रीने नॉटिंगहॅमशायर काउंटी कौन्सिलवर दावा केला. २०१७ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की फॉस्टर पालकांनी केलेल्या अत्याचाराची जबाबदारी मुलाला तिथे ठेवणाऱ्या कौन्सिलवरही येते. त्यामुळे कोणतंही कौन्सिल मुलाचं म्हणणं कानाआड करू शकत नाही, आणि करूही नये. मुलाने काही सांगितलं की चौकशी होते ती तुमच्यावर राग आहे म्हणून नव्हे. ती व्हायलाच हवी.

पण मूल जे सांगतं त्यामागे अनेक कारणं असू शकतात. आधीच्या घरात झालेला अत्याचार आता, सुरक्षित वाटू लागल्यावर, मुलाच्या तोंडून बाहेर येतो, आणि सांगताना घरं व माणसं यांची सरमिसळ होते. कधी पालकाने हात धरून रस्त्यावरून मागे खेचलेलं असतं आणि मुलाला ती मारहाण वाटते, कारण त्याच्या अंगाला आजवर झालेल्या स्पर्शांपैकी बरेचसे मारहाणीचेच होते. कधी मुलाला जन्मदात्या आईकडे परत जायचं असतं. इथलं घर मोडलं तर तिकडे जाता येईल, असा हिशेब नऊ-दहा वर्षांचं मूलही मांडतं. कधी निव्वळ राग असतो. आणि कधी पालकाकडून खरोखर चूक झालेली असते, छोटी किंवा मोठी. यातलं नेमकं काय घडलं हे शोधणं चौकशी करणाऱ्यांचं काम आहे. तुम्ही ते मुलाकडून वदवून घ्यायला जाऊ नका.

मुलावर रागावू नका, असं मात्र मी सांगणार नाही. राग येतो, आणि तो आतल्या आत दाबून ठेवला तर चौकशीतल्या उत्तरांत भलत्याच ठिकाणी उफाळून येतो. तो स्वतंत्र आधार देणाऱ्या माणसापाशी बोलून टाका. बैठकीत किंवा लेखी निवेदनात मुलाला खोटारडं म्हणू नका. काय घडलं ते सांगा. मुलाच्या स्वभावावर निकाल देऊ नका.

पहिला दिवस

बहुधा दुपारी फोन येतो. मुलं आज शाळेतून घरी येणार नाहीत, एक गोष्ट समोर आली आहे, तपशील आत्ता सांगता येणार नाही. बोलणारी व्यक्ती अनेकदा ओळखीची, म्हणजे तुमची सुपरव्हायजिंग सोशल वर्करच असते, पण तिचा आवाज एकदम औपचारिक झालेला असतो. तपशील न सांगण्यामागे लपवाछपवी नसते. पोलिस आणि मुलाची सोशल वर्कर मुलाशी बोलेपर्यंत तुम्हाला काही कळलं, तर चौकशीच नासते. तरीही ते तास फार वाईट जातात. आपण काय केलं असेल, हे आठवण्यात अख्खी रात्र जाते.

त्या फोनवर चारच प्रश्न विचारा आणि उत्तरं लगेच कागदावर उतरवा. हा लॅडोकडे, म्हणजे अशा आरोपांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, गेलेला आरोप आहे, की सांभाळाच्या दर्जाबद्दलची तक्रार? पुढची बैठक कधी आहे? माझ्याशी संपर्क कोण ठेवणार, आणि किती दिवसांनी? आणि स्वतंत्र आधार कोण देणार, त्यांचा नंबर काय? फोन ठेवल्यावर या सगळ्याचा एक छोटा ईमेल त्याच व्यक्तीला पाठवा: ‘आज अमुक वाजता आपलं बोलणं झालं, त्यात मला असं समजलं’. पुढच्या कित्येक महिन्यांत तुमच्या सर्वात उपयोगी पडणारा कागद बहुधा हाच ठरतो.

मग बसून लिहा. गेल्या काही आठवड्यांत घरात काय घडलं, कोण होतं, किती वाजता, मूल काय म्हणालं, तुम्ही काय उत्तर दिलं. आठवत नाही तिथे ‘आठवत नाही’ असंच लिहा. रोजची डायरी, म्हणजे एजन्सीला देण्यासाठी तुम्ही ठेवत असलेल्या नोंदी, अजिबात बदलू नका. खाडाखोड नको आणि मागच्या तारखेने नवीन ओळही नको. काही नवीन आठवलं, तर आजची तारीख घालून वेगळ्या कागदावर लिहा. प्रामाणिक माणसं घाबरून डायरी ‘नीट’ करायला बसतात आणि नंतर त्या एका खाडाखोडीचाच मोठा मुद्दा होतो.

मुलाला फोन नाही, मेसेज नाही. मुलाच्या आईवडिलांशी किंवा शाळेतल्या ओळखीच्या शिक्षिकेशीही या विषयावर बोलू नका. व्हॉट्सॲप ग्रुपवर एक अक्षर लिहू नका. पोलिसांनी फोन ताब्यात घेतला, तर त्यातलं सगळं वाचलं जाऊ शकतं. भारतातल्या नातेवाइकांचा फोन आला, की मन मोकळं करावंसं वाटतं, पण मुलाची माहिती गोपनीय आहे आणि ती तुम्ही फोडलीत तर दुसरी तक्रार उभी राहते. ‘मुलं सध्या दुसरीकडे आहेत, कारण सांगता येत नाही’, एवढं पुरे. काकूंना राग आला तर येऊ द्या.

चौकशी कशी चालते

मुलांसोबत काम करणाऱ्या माणसांवरील आरोपांसाठी प्रत्येक स्थानिक प्राधिकरणात एक अधिकारी नेमलेला असतो. त्याला सगळे लॅडो म्हणतात. तुमच्या एजन्सीने आरोपाची खबर एका कामकाजाच्या दिवसाच्या आत लॅडोला द्यायची असते. लॅडो स्वतः तपास करत नाही. पोलिस, सोशल वर्कर आणि एजन्सी यांना एकत्र बसवून कोण काय करणार हे ठरवणं, आणि काम रेंगाळू न देणं, ही त्याची जबाबदारी. मुलाला गंभीर इजा झाल्याचा किंवा होण्याचा संशय असेल, तर १९८९ च्या चिल्ड्रन ॲक्टच्या कलम ४७ खाली चौकशी होते. त्याआधीच्या रणनीती बैठकीला तुम्हाला बोलावत नाहीत. तिथे काय ठरलं त्यातलं तुम्हाला सांगता येण्यासारखं काय आहे, हे मात्र विचारता येतं आणि विचारावं.

पोलिसांनी ‘पुढे कारवाई नाही’ असं सांगितलं, की अनेक पालक सुटकेचा निःश्वास टाकतात आणि प्रकरण संपलं असं समजतात. ते तिथे संपत नाही. फौजदारी खटल्यात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. लॅडोच्या प्रक्रियेत मात्र हे घडलं असण्याची शक्यता अधिक आहे की कमी, एवढंच पाहतात. त्यामुळे पोलिसांनी फाइल बंद केली तरी दुसऱ्या बाजूची चौकशी चालू राहते.

शेवटी पाच निष्कर्षांपैकी एक निघतो. आरोप सिद्ध झाला. आरोप खोटा ठरला. मुद्दाम फसवण्यासाठी केलेला ठरला. त्याला काही आधारच नव्हता. किंवा तो सिद्धही झाला नाही आणि नाकारताही आला नाही. शेवटचा निष्कर्ष सगळ्यात जास्त छळतो. आपण काही केलेलं नाही हे आपल्याला ठाऊक, आणि कागद म्हणतो, सांगता येत नाही. दोनच माणसं असलेल्या खोलीत काय घडलं हे बाहेरच्या कुणाला ठरवता येत नाही, तेव्हा हाच निष्कर्ष निघतो. तो दोषाचा शिक्का नाही, हे स्वतःला आणि घरच्यांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. अनेक आरोपांची अखेर पुढील कारवाईविनाच होते, हेही सांगावं.

तुमच्या बाजूचा माणूस

फॉस्टरिंग सेवांसाठीची किमान राष्ट्रीय मानकं २०११ साली आली. त्यातलं २२ वं मानक आरोपांविषयी आहे. चौकशी न्याय्य, लवकर आणि सगळ्यांना सारखीच व्हावी, त्यात मुलाचं संरक्षण व्हावं आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याला आधारही मिळावा, असं ते म्हणतं. त्यातच फॉस्टर पालकाला आणि त्याच्या घरच्यांनाही एजन्सीपासून स्वतंत्र आधार उपलब्ध करून द्यावा, असं स्पष्ट सांगितलं आहे: प्रक्रियेची माहिती व सल्ला, मानसिक आधार, आणि गरज पडली तर एजन्सीशी मध्यस्थी किंवा तुमच्या वतीने बाजू मांडणं, बैठकांना आणि मान्यतेबाबत शिफारस करणाऱ्या पॅनेलला सोबत येणंसुद्धा. या मानकाचा क्रमांक लक्षात ठेवा. ‘मानक २२ प्रमाणे मला स्वतंत्र आधार हवा आहे’, हे एक वाक्य ईमेलमध्ये लिहिलं, की उत्तर टाळणं एजन्सीला अवघड होतं.

‘स्वतंत्र’ या शब्दावर इतका जोर का, ते सांगायला हवं. तुमची सुपरव्हायजिंग सोशल वर्कर चांगली असेल, तिच्याबरोबर तुम्ही दहा वेळा चहा प्यायला असाल. पण आरोप झाल्यावर तिला एजन्सीच्या बाजूने माहिती गोळा करावी लागते, आणि तुम्ही तिला सांगितलेली कुठलीही गोष्ट फाइलमध्ये जाते. तिने पाठ फिरवली असं वाटून पालक दुखावतात. ती आपलं काम करत असते. म्हणूनच दुसरा माणूस हवा.

तो कुठून येतो? द फॉस्टरिंग नेटवर्क आणि फॉस्टरटॉक या संस्थांचं सदस्यत्व अनेक एजन्सी आपल्या पालकांना स्वखर्चाने घेऊन देतात. दोन्हींच्या सदस्यत्वात सल्ला आणि कायदेशीर खर्चाचा विमा येतो. आपण यांपैकी कशाचे सदस्य आहोत, हे पुष्कळ पालकांना ठाऊकच नसतं. मान्यतेच्या वेळी मिळालेल्या फाइलमध्ये त्याचं कार्ड कुठेतरी असतं; ते आज काढून ठेवा. विम्याची एक अट बहुतेक ठिकाणी असते: वकील नेमण्याआधी विमा कंपनीला कळवायचं. आधी ओळखीच्या वकिलाकडे धावलात, तर खर्च स्वतःच्या खिशातून जाऊ शकतो. संघटनेचा आधारही आहे. आयडब्ल्यूजीबी या कामगार संघटनेची फॉस्टर पालकांसाठी शाखा आहे, आणि बैठकीत शेजारी बसायला तिथला प्रतिनिधी येऊ शकतो.

आधार देणारा माणूस तुमच्या वतीने निकाल फिरवू शकत नाही. तो तुम्हाला सांगू शकतो, की आजची बैठक कसली आहे, तिथून काय निघू शकतं, कोणता प्रश्न अजून कुणी विचारलेला नाही, आणि रात्री अडीच वाजता तुम्ही लिहिलेला चार पानी ईमेल सकाळपर्यंत का थांबवावा. कधी कधी एवढंच पुरेसं असतं.

आणि डॉक्टरकडे जा. झोप उडणं, वजन उतरणं, रडू न थांबणं या सगळ्याची जीपीकडे नोंद व्हायला लाज वाटू देऊ नका. फारच एकटं वाटलं, तर समॅरिटन्सचा ११६ १२३ हा क्रमांक दिवसरात्र मोफत चालू असतो.

पोलिसांसमोर

पोलिसांनी ‘फक्त गप्पा मारायला’ किंवा ‘स्वेच्छेने’ मुलाखतीला बोलावलं, तरी ती मुलाखत गुन्ह्याच्या संशयावरून घेतली जाणारी असू शकते. अशा मुलाखतीतही मोफत कायदेशीर सल्ल्याचा हक्क आहे, पोलिस ठाण्यात ड्यूटी सॉलिसिटर मिळतो. वकील मागितला म्हणजे काहीतरी लपवायचं आहे, असा अर्थ निघेल, ही भीती मध्यमवर्गीय मराठी माणसात फार खोलवर रुजलेली आहे. ती काढून टाका. वकिलाशिवाय मुलाखत देऊ नका. उत्तर द्यायचं की गप्प राहायचं, हे वकिलाशी बोलूनच ठरवा; १९९४ च्या कायद्यानुसार मुलाखतीत न सांगितलेली गोष्ट पुढे न्यायालयात सांगितली, तर गप्प राहण्याचा अर्थ तुमच्याविरुद्ध लावला जाऊ शकतो. इंग्रजी रोजची असली तरी या प्रसंगी तिच्यावर भरवसा वाटत नसेल, तर दुभाषी मागा. त्याचे पैसे पडत नाहीत.

व्हिसावर असाल, स्थायी वास्तव्याचा किंवा नागरिकत्वाचा अर्ज चालू असेल, तर ते वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. इमिग्रेशनचा सल्ला वेगळ्या वकिलाकडून घ्यावा लागेल.

घरातली बाकीची माणसं

तुमची स्वतःची मुलं लहान असतील, तर त्यांच्या सुरक्षिततेचाही विचार चौकशीत होतो. सोशल वर्कर त्यांच्याशी बोलायला मागेल. त्यांना काय बोलायचं ते शिकवू नका. ‘खरं सांग, तुला कुणी रागावणार नाही’, एवढंच सांगा. कधी कधी आरोप असलेल्या व्यक्तीला काही दिवस घराबाहेर राहायला सांगतात. नेमकं किती दिवस आणि कशाच्या आधारावर, हे लेखी मागा, आणि वकिलाला विचारल्याशिवाय कशावरही सही करू नका. तुमच्या मुलांनी ज्या मुलाला बहीण-भाऊ मानलं, ते एका दुपारी नाहीसं झालेलं असतं. त्यांच्या या दुःखाकडे सगळ्यात उशिरा लक्ष जातं. शाळेतल्या एखाद्या विश्वासू शिक्षकाला ‘घरी अवघड काळ चालू आहे’, इतकं सांगायला हरकत नाही का, हे फॉस्टर मुलाच्या सोशल वर्करला विचारून घ्या.

तुम्ही किंवा जोडीदार शिक्षक, नर्स, डॉक्टर, पाळणाघर चालवणारे असाल, तर त्या नोकरीतही मुलांना धोका आहे का, याचा विचार लॅडोला करावा लागतो, आणि मालकाला कळवलं जाऊ शकतं. ते कळवण्याआधी मला सांगा, अशी विनंती लेखी करा. डॉक्टरांवर गुन्ह्याचा आरोप ठेवला गेला, पोलिसांनी ताकीद दिली किंवा शिक्षा झाली, तर त्यांना जनरल मेडिकल कौन्सिलला विनाविलंब सांगावं लागतं. मेडिकल डिफेन्स संस्थेला त्याआधीच फोन करा.

पैशांचं बोलणं नकोसं वाटतं, पण ते करायला हवं. फॉस्टर पालक कायद्याने साधारणपणे नोकरदार धरले जात नाहीत. मुलं घरातून गेली की मुलांसाठीचा भत्ता थांबतो. तुम्हाला कामासाठी मिळणारी फी चालू राहते की नाही, हे एजन्सी-एजन्सीवर अवलंबून आहे. काही ठिकाणी काही आठवडे चालू ठेवतात, काही ठिकाणी त्याच आठवड्यात बंद. घराचा हप्ता या फीवर चालत असेल, तर बँकेशी लगेच बोला. चौकशी अजून चालू असताना, काहीही सिद्ध झालेलं नसताना, माणसाचं उत्पन्न शून्यावर आणणं मला अन्यायाचं वाटतं, आणि सगळ्या एजन्सींनी चौकशीच्या काळात फी चालू ठेवावी ही पालकांच्या संघटनांची मागणी रास्त आहे.

रागाच्या भरात राजीनामा नको

लेखी राजीनामा दिलात, तर एजन्सीला तो मिळाल्यापासून २८ दिवसांनी तुमची मान्यता आपोआप संपते. एजन्सी तो नाकारू शकत नाही. चौकशी मात्र थांबत नाही, ती तुमच्या माघारी पूर्ण होते आणि निष्कर्ष फाइलवर राहतो. वर, दाद मागायची वाट बंद होते. अपमान सहन होत नाही म्हणून सोडून देणाऱ्यांना नंतर याचा फार पश्चात्ताप होतो. सोडायचंच असेल, तर चौकशी संपल्यावर सोडा.

चौकशीनंतर तुमच्या मान्यतेचा फेरआढावा होतो, आणि आवश्यक तेव्हा तो फॉस्टरिंग पॅनेलसमोर जातो. अहवाल आधी हातात घ्या. त्यातल्या तारखा, वयं, नावं तपासा. जिथे वस्तुस्थिती चुकली आहे तिथे पान क्रमांक देऊन लेखी दुरुस्ती द्या. भावना आणि दुरुस्ती एकाच परिच्छेदात मिसळू नका. आधार देणाऱ्या माणसाला पॅनेलला घेऊन जा. पॅनेल शिफारस करतं, निर्णय एजन्सीचा अधिकारी घेतो. मान्यता काढण्याचा किंवा तिच्या अटी बदलण्याचा प्रस्ताव आला, तर एजन्सीकडे म्हणणं मांडायला किंवा इंडिपेंडंट रिव्ह्यू मेकॅनिझमकडे, म्हणजे आयआरएमकडे जायला २८ दिवस मिळतात. आयआरएमचं पॅनेल एजन्सीबाहेरचं असतं. त्याची शिफारस एजन्सीवर बंधनकारक नसली तरी अंतिम निर्णयाआधी ती विचारात घ्यावीच लागते. ही मुदत चुकवू नका.

चौकशी संपताच आरोपाचा आणि निष्कर्षाचा लेखी सारांश मागा. तोही मानक २२ प्रमाणे तुम्हाला मिळायला हवा. हा सारांश तुमच्या निवृत्तीच्या वयापर्यंत किंवा १० वर्षं, यातली जी मुदत मोठी असेल तितका काळ फाइलमध्ये राहतो. म्हणून त्यातला प्रत्येक शब्द वाचा. संपूर्ण फाइल पाहायची असेल, तर माहिती संरक्षण कायद्याखाली अर्ज करता येतो, आणि साधारण एका महिन्यात उत्तर यावं लागतं. दुसऱ्यांची नावं त्यात काळी केलेली असतील.

आपल्या घरांतल्या काही सवयी

आधीच करता येण्यासारखं बरंच आहे, आणि त्यातलं काही खास आपल्या घरांतलं आहे. शारीरिक शिक्षेला २०११ च्या फॉस्टरिंग नियमांत पूर्ण मनाई आहे. पाठीत दिलेला हलका धपाटाही त्यात येतो. आपल्या पोरांना आपण कसं वाढवलं, हा युक्तिवाद तिथे चालत नाही आणि चालू नये.

पण प्रेमाच्या सवयींचाही विचार करावा लागतो. डोक्याला तेल लावून चंपी करणं, घास भरवणं, मांडीवर घेणं, आजारी मुलाला कुशीत घेऊन झोपणं. यातलं पहिलं बहुतेकदा चालतं, शेवटचं कधीच नाही. मधल्या गोष्टी मुलाच्या वयावर आणि त्याच्या पूर्वायुष्यावर अवलंबून. ज्या मुलाला स्पर्शाचीच भीती वाटते, त्याच्या केसांत हात घालण्याआधी त्याला विचारा, आणि ही सवय सुरक्षित सांभाळाच्या कागदावर लिहून घ्या. लिहिलेलं असलं, की उद्या प्रश्न आला तर उत्तर तयार असतं.

घरात मराठी बोलताना मूल समोर असेल आणि त्याला मराठी येत नसेल, तर ते आपल्याविषयीच बोलत आहेत असं त्याला वाटू शकतं. जेवणाच्या टेबलावर तरी सगळ्यांना कळेल अशा भाषेत बोला. भारतातून आई-वडील सहा महिन्यांसाठी येणार असतील, तर एजन्सीला तिकीट काढण्याआधी सांगा. घरात मुक्कामाला येणाऱ्या प्रौढांची तपासणी लागू शकते. आजी-आजोबांना आल्या दिवशीच समजावून सांगा, की मुलाला आंघोळ घालायची नाही, खोलीत एकट्याने दार लावून गोष्टी सांगायच्या नाहीत. त्यांना वाईट वाटेल. तरी सांगा. गणपतीत घर भरलेलं असताना कुणीतरी काढलेला मुलाचा फोटो मंडळाच्या ग्रुपवर गेला, तर तो गोपनीयतेचा भंग आहे. पाहुण्यांना दारातच सांगितलेलं बरं.

छोटी इजा त्याच दिवशी कळवा. गुडघा खरचटला, दारात बोट सापडलं, सायकलवरून पडलं: दोन ओळींचा ईमेल, वेळ आणि कुणी पाहिलं ते. ज्याच्या फाइलमध्ये असे बारीकसारीक ईमेल नियमित आहेत, त्याच्यावर आरोप झाला की चौकशी करणाऱ्यांना आधीच एक चित्र मिळतं. आणि मुलाने आधीच्या घराविषयी किंवा आधीच्या पालकांविषयी काही सांगितलं, तर ते मुलाच्याच शब्दांत लिहून लगेच पाठवा. खोदून प्रश्न विचारू नका.

ओळखीच्या मराठी कुटुंबावर अशी वेळ आली आणि त्यांनी काही सांगितलं नाही, तर खोदून विचारू नका. डबा घेऊन जा, त्यांच्या मुलांना शनिवारी बागेत घेऊन जा, बैठकीच्या दिवशी गाडीने सोडा.

फॉस्टर पालक असाल, तर या आठवड्यातच आपल्या सुपरव्हायजिंग सोशल वर्करला लेखी विचारा: आमच्यावर आरोप झाला तर मानक २२ प्रमाणे स्वतंत्र आधार कोण देणार, आमच्या नावावर कोणतं सदस्यत्व आणि कोणता कायदेशीर विमा आहे, आणि चौकशीच्या काळात फी किती आठवडे चालू राहणार? उत्तर आलं की ते छापून घरातल्या फाइलच्या पहिल्या पानावर लावा. उत्तर आलं नाही, तर पुन्हा विचारा.